कुळथाच्या पुड्या

लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळा आला की रखमाचे हात पेटलेले असायचे. सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडायचे, मागे मसाला कांडणाऱ्या डंखाची धडधड, पुढे गिऱ्हाइकांची घासाघीस. बाया शिंकत, भांडत, हसत काम करायच्या. दिवस कसा निघून जायचा ते कळायचं नाही. खायला उठायची ती चाळीतली खोली. नवरा गेलेला, मुलगा हितेंद्र सुरतेला, त्याचा फोन यायचा तो गणपतीत. शेजाऱ्यांनीही खोल्या विकून विरार गाठलेलं. रखमाला भांडायला कुणीतरी लागायचं, आणि भिंती काही उलट बोलत नव्हत्या.

म्हणून त्या संध्याकाळी गावच्या बुधाजीचा पुतण्या निलेश एका पोरीला घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं.

"काकी, ही आकांक्षा. आपल्याच वाडीतली. आजची रात ठेव. उद्या दुपारी नेतंय. फारीनच्या हाटेलात काम बघलंय तिका." निघता निघता तो म्हणाला, "तुका पण सोबत. फुडे आनखी पोरी आनीन, ठेवशीत मा?"

"शंभर आण रे मेल्या!" रखमा म्हणाली.

तिनं बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली. सतरा वर्षांची पोर मुकाट जेवली आणि रखमा दोघींचं बोलली. ही चार दिवस राहिली तर काय बिघडणार आहे, असंही तिच्या मनात येऊन गेलं. जेवण झालं, भांडी झाली, तरी पोर पिशवी उघडीना. रखमा तर त्याचीच वाट बघत होती. कोकणातून मुंबईला कुणी निघालं की सगळी वाडी त्याच्या हाती काही ना काही देते. कुणाचं कुळथाचं पीठ, कुणाची आमसुलं, कुणाच्या लेकासाठी फणसाची साठं. स्वतःचे कपडे ठेवायला जागा उरत नाही.

"दे गो, कोणी काय धाडल्यान ता."

"कायच नाय, मावशी."

पिशवीत दोन ड्रेस आणि एक कंगवा. रखमाला आधी रडूच आलं. गाव आपल्याला विसरलं, मूठभर पिठालाही आपण महाग झालो! पण मग तिच्या डोक्यात आलं की, मला विसरतील, पण गिरगावात, परळला वाडीचे लेक आहेत त्यांना कसे विसरतील? पिशवी रिकामी म्हणजे पोर निघाली हे वाडीला ठाऊकच नाही.

"आवशीक सांगून इलंस?"

पोरीनं मान खाली घातली. "निलेशदादा म्हनालो, पासपोर्ट होयसर कोनाक सांगा नको. लोकांची दिष्ट लागता."

"मोबाईल खय तुजो?"

"त्येच्याकडे. आधारकार्डपन."

"हाटेल खयच्या गावात?"

"ठावक नाय."

 सोबत मिळाल्याच्या आनंदात रखमाचं एवढं साधं विचारायचं राहिलं होतं. पोरीला गावच्या शेजारणीचा नंबर पाठ होता, तो लावून आईला बोलावून घेतलं. पोर मामाकडे गेलीय असं आईला वाटत होतं. खरं कळल्यावर ती फोनवरच हंबरडा फोडून रडली. आकांक्षाही रडली, आणि मग रखमाच्या कुशीत लहान मुलासारखी झोपली.

सकाळी रखमानं तिला गल्लीत नेऊन बायांच्या मधोमध बसवलं. डंखवाल्या जगदीशनं १०९८ ला फोन लावला. अडकलेल्या मुलांसाठी हा नंबर असतो, हे त्याला मुलीच्या शाळेत कळलेलं. तिथून पोलिसांनाही कळवलं गेलं. दुपारी निलेश शोधत आलाच.

"काकी, तिका हयसर कित्याक आनलंस? चल गो, गाडी उभी आसा."

"आदी हाटेलाचा नाव सांग."

"तुका काय करूचा?"

"मिरच्यो धाडूच्यो आसत थंय!"

बाया हसल्या. निलेशनं पोरीचं मनगट धरलं आणि हसू थांबलं. एकेक बाई उठली. तिखटानं लाल झालेले पंजे त्याच्या तोंडासमोर धरून सगळ्या त्याला घेरून उभ्या राहिल्या. कुणी त्याला हात लावला नाही. त्यानं मनगट सोडलं, पण डोळे मिटून घेतले ते पोलीस येईपर्यंत उघडले नाहीत. त्याच्या बॅगेत आणखी तीन मुलींची आधारकार्डं निघाली.

आई येऊन आकांक्षाला घेऊन गेली. जाताना पोर रखमाच्या गळ्यात पडली, आणि तिच्यामागे खोली पहिल्यापेक्षा मोठी वाटायला लागली.

पण वाडीनं एक ठरवलं. मुंबईला निघणाऱ्या प्रत्येक पोरीनं कुळथाच्या पिठाची पुडी न्यायची आणि स्वतः रखमाच्या हातात द्यायची. संध्याकाळपर्यंत पुडी पोचली नाही, तर रखमानं गावाला फोन करायचा. आता पुड्या येतात. कुणी नर्सिंग शिकायला आलेली, कुणी मॉलमध्ये लागलेली. सगळ्या दारातूनच पुडी देतात.

काल वाडीतल्या प्रितीची पुडी यायची होती. रखमानं दोघींपुरती कुळथाची पिठी शिजवली, भात टाकला. पोर आली, धापा टाकत.

"मावशी, ही घे. थांबनंय नाय हां, खाली मैत्रीण उभी आसा."

"जेवून तरी जा गो!"

तोवर ती जिना उतरलीही होती. रखमानं गावाला प्रितीच्या आईला फोन लावला.

"पोचला गो तुजा चेडू," ती म्हणाली. मग एकच ताट वाढून घेतलं आणि उरलेली पिठी सकाळसाठी झाकून ठेवली.