आठवा चिंचोका

म्हैसूराच्या बागंत कळ्यांची गं दाटी,
अव्वा माझी येचती तम्माच्यासाठी...

हा आवाज गुरुशांतप्पाच्या कानात तो चार वर्षांचा होता तेव्हापासून मुक्कामाला होता. आवाज थोरल्या बहिणीचा, गंगव्वाचा. मावशीच्या गावाहून त्याला नुकतं घरी आणलं होतं आणि घरात आई, अव्वा, नव्हती. रडून रडून त्याचा घसा बसला, तेव्हा अक्कानं त्याला कडेवर घेतलं. स्वतः ती केवढीशी, परकराचा काठ अजून पायात अडकायचा. म्हणाली, "अव्वा म्हैसूरला गेलीया तम्मा, फुलं बघायला. रडू नको." आणि मनानंच रचून हे गायली.

पुढं जाणतेपण आलं तसं त्याला कळलं, की अव्वा तापानं गेली, शेतातल्या लिंबाखाली तिची समाधी आहे. पण म्हैसूर काही खोटं ठरलं नाही. सोप्यातल्या भिंतीवर अव्वाचा रंगवलेला फोटो होता ना! अव्वा खुर्चीत ताठ बसलेली, अंगावर हिरवी शाल, डोळे थेट समोर. मागं बाग, बागेत कारंजं, कारंज्यामागं घुमटाचा वाडा. आणि मानेजवळ, शालीच्या कडेला, चार गुलाबी कळ्या. म्हैसूरहून आल्यावर ताप भरला अन् गेली, असं अक्का सांगायची. अप्पांना विचारलं तर ते उठून गोठ्याकडं जायचे.

आता गुरुशांतप्पाची आळंदच्या पेठेत तुरीची अडत बरी चालली होती. उन्हाळ्यात तो हैदराबादला गेला आणि येताना काळ्या पेटीचा कॅमेरा घेऊन आला. त्याच दिवशी त्यानं खजुरी गावच्या घरात अक्काला आणि बायकोला, चन्नव्वाला, जाहीर केलं, "यंदाचा दसरा म्हैसूरला. अक्का, तू, मी आन् चन्नव्वा. अव्वा जिथं बसली होती, त्याच जागी तुला बसवून फोटू काढायचा."

आईचा आवाज त्याला आठवत नव्हता. चालणं आठवत नव्हतं. ती जिथं खरोखर बसली होती अशी एक जागा जगात आहे, तिथं आपले पाय टेकावेत, एवढंच त्याला हवं होतं.

अक्का सुपातली डाळ पाखडत राहिली.

एका रिळात आठच फोटो निघतात. म्हणून गुरुशांतप्पानं ओसरीवर आठ चिंचोके मांडले. एक चिंचोका म्हणजे एक जागा. सल्ल्याला शेजारचे अंकुशराव आले. पंचक्रोशीत म्हैसूर पाहिलेला माणूस तेवढाच.

"वाड्याचं तोंड कुणीकडं?" गुरुशांतप्पानं विचारलं. "ऊन माझ्या पाठीला पायजे, न्हाईतर समदं काळं येतंय."

"पूर्वेला."

"मग वाडा सकाळी." पहिला चिंचोका पुढं सरकला. "आन् डोंगरावरचा नंदी?"

"त्यो केवढा म्हनून सांगू! तुझ्या त्या पेटीत शेपूट तेवढं मावंल."

चन्नव्वा चुलीपाशी खुदकन हसली. "मामा, मग तोंडासाठी दुसरा चिंचोका ठिवा की."

नंदीला दोन, मग देवराज बाजारातली फुलं, दिव्यांची रोषणाई, हत्ती. रोषणाईचा चिंचोका मागं घेतला, कारण अंधारात पेटीला दिसत नाही. हत्तीला तीन मिळाले. सगळ्यात शेवटी आठवा, अव्वाच्या बागेचा. तो त्यानं सगळ्यांपासून जरा लांब, उंबऱ्यापाशी ठेवला.

"आता ही बाग कंची, ते सांगा." त्यानं फोटो भिंतीवरून उतरवून अंकुशरावांच्या मांडीवर दिला.

अंकुशरावांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. "व्हय, ही वाड्यामागची बाग." मग थांबले. "न्हाई. तिथं कारंजं न्हवतं. का होतं?" डोकं खाजवून म्हणाले, "खरं सांगू का गुरुशांत, मी बैल बघायलो होतो. बागंकडं ध्यान कुनाचं!"

दुसऱ्या दिवशी ओसरीवर चिंचोके सातच. उंबऱ्यापाशी काही नाही. उंदरानं नेला असेल म्हणून त्यानं नवा ठेवला. संध्याकाळी तोही गेला. तिसऱ्या वेळी त्यानं पाहिलं, तर अक्काच तो उचलून कनवटीला लावत होती.

"अक्का, काय करायलीस?"

"पायात येतंय."

"बरं, मला सांग, अव्वा म्हैसूरला कंच्या महिन्यात गेल्ती?"

"दसऱ्यात."

"परवा तर उगादीला म्हनलीस!"

"मग उगादीला आसंल."

"कुनासंगं?"

"अप्पासंगं. न्हाई, मावशीसंगं." अक्काचा चेहरा उतरला. "तम्मा, बाग मोडली म्हनं. धरन फुटून समदी वाहून गेली. आपन आपलं हुमनाबादला जाऊ, वीरभद्राच्या जत्रंला. तिथं काढ फोटू."

"बाग मोडली कुनी सांगितलं तुला?"

"सांगत होतं कुनीतरी."

गुरुशांतप्पाला काही उलगडेना. म्हैसूरचं गाणं हिनंच दिलं, आणि आता वाट हीच अडवायलीय. प्रवासाला भ्यायली म्हणावं, तर ही एकटी अफजलपूरला नदी ओलांडून जाऊन येणारी बाई. फोटोला भ्यायली? तेवढ्यात त्याला अप्पांचं मरण आठवलं. त्यांच्या समाजात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. पूजेला बसल्यासारखं बसवतात, विभूती लावतात, शाल-हार घालतात, बसलेलंच समाधीत उतरवतात. ऐपत असली तर त्या आधी फोटोही काढतात. अप्पांना तसं बसवलं, तेव्हा त्यानं गुलबर्ग्याहून फोटोवाल्याला बोलावलं, तर अक्कानं त्या माणसाच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. तेव्हाही 'कामून' म्हणून विचारलं, तर ती नुसती रडली होती.

"फोटूनं आयुष्य कमी व्हतं असं वाटतंय व्हय अक्काला?" त्यानं चन्नव्वाला विचारलं.

"मग एकदा हितंच काढून बघू की," चन्नव्वा म्हणाली. "रंगीत तालीम. भ्या मोडंल, आन् अव्वांगत बसवायचं कसं तेबी कळंल."

सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलं होतं. खुर्ची मांडली. ट्रंकेतली अव्वाची हिरवी शाल काढली. अक्का नको नको म्हणत होती, पण नणंदेला हाताला धरून बसवायचा हक्क चन्नव्वानं सोडला नाही. अक्का बसली ती अंग चोरून, मान खाली घालून.

"मान वर कर, अक्का. फोटूतली अव्वा बघ कशी ताठ बसलीया!"

अक्काची मान वर होईना. चन्नव्वा हसत खुर्चीमागं गेली, शालीआडून हात घातला आणि अक्काचं डोकं मागून अलगद उचलून धरलं. "हां, आता काढा. मी दिसत न्हाई न्हवं?"

गुरुशांतप्पा पेटीच्या काचेत वाकला. एवढ्याशा काचेत अंगण, हिरवी शाल, अक्काचा चेहरा. आणि मानेजवळ, शालीच्या कडेला, चार कळ्या.

त्यानं डोळे चोळले. परत वाकला. कळ्या तिथंच होत्या. मान वर करून पाहिलं तर ती चन्नव्वाची बोटं होती. काचेत पाहिलं की कळ्या. त्याला वाटलं, उन्हानं डोळे दिपलेत. तो सोप्यात गेला, अव्वाचा फोटो घेऊन अंगणात आला आणि एकदा फोटोकडं, एकदा खुर्चीकडं बघत उभा राहिला.

"अक्का," तो म्हणाला, "म्हैसूरच्या बागंत अव्वाच्या माघारी कोन उभं होतं?"

"चन्नव्वा, हात काढ," अक्का म्हणाली. हात निघाले, तरी तिची मान आता आपली आपण ताठ राहिली. तिनं कनवटीचे तिन्ही चिंचोके काढून मांडीवर ठेवले.

"अव्वा म्हैसूरला कवाच गेली न्हाई, तम्मा. ह्याच अंगनात बसवलं होतं तिला. विभूती लावून, फोटूपुरती ही शाल घालून. सोलापूरहून फोटूवाला आनला, तर तिची मान ठरंना, सारखी कलायची. बाप्या मानसं धरायला गेली तर ती दिसायलीत. अप्पा म्हनले, गंगव्वा लहान हाय, शालीत मावंल. मी माघारी बसून दोनी हातांनी धरलं. लई गार होती रे. डोळे त्या मानसानं मागनं रंगवले. बागबी त्यानंच काढली. त्याला बोटं कळली न्हाईत, म्हनून त्यानं गुलाबी रंग दिला."

तिनं हात पुढं केला आणि फोटोवर, शालीच्या कडेला, आपली सुरकुतलेली चार बोटं बरोबर त्या चार ठिकाणी टेकवली.

"ह्या कळ्या न्हाईत, तम्मा. मी हाय."