भेट विकायची नसते

"विकायचं?" कपडेमावशी इतक्या जोरात म्हणाल्या की खजिनदारांच्या कपातला चहा बशीत सांडला. "भेट आलेली वस्तू विकायची?"

"मावशी, ती वस्तू नाहीये. क्रिप्टो आहे, फोनमधलं चलन. आपल्या बेडकाने पाठवलंय, छप्पर दुरुस्त करायला. आज विकलं तर उद्या गवंडी कामाला लागतील."

बेडूक म्हणजे लहानपणी या बालनाट्य संस्थेत बेडकाचं काम केलेला मुलगा. आता तो परदेशात मोठ्या हुद्द्यावर होता, पण संस्थेत त्याला बढती मिळाली नव्हती.

मावशी संस्थेचा कपडेपट सांभाळत. तिथलं बहुतेक सगळं लोकांनी दिलेलं, कोणाची टोपी, कोणाची काठी, कोणाच्या आजीचा चष्मा. दिलेली वस्तू विकायची नाही, टाकायची नाही, डागडुजी करून रंगमंचावर आणायची, हा मावशींचा नियम. पाहुणे आले की सगळे तो कौतुकाने सांगत. छप्पर गळायला लागल्यापासून कपडे या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलवताना मावशींची कंबर धरायची, पण नियम त्यांनी सोडला नव्हता.

"माणूस जीव लावून देतो," मावशी म्हणाल्या. "आणि आपण लगेच बाजारात नेऊन उभं करायचं? त्याला काय वाटेल?"

दिग्दर्शक सरांचे डोळे भरून आले. ते तसे लवकर भरत. "मावशींच्या तोंडून संस्थेचा आत्मा बोलला," सर म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून सांगितलं की भावही रोज चढतोय. एरवी तत्त्व पाळायचं म्हणजे पोटाला चिमटा. इथे तत्त्व पाळून वर फायदा होत होता. सगळ्यांनी हात वर केले. खजिनदार तेवढे बशीतला चहा पीत राहिले.

पुढचे काही महिने मजेत गेले. सर तालमीआधी फोन उघडून भाव बघत आणि खुशीत मुलांना शाबासकी देत. मुलांना वाटायचं, आपलं काम सुधारतंय. नव्या दिव्यांचे, नव्या पडद्याचे बेत झाले. आपल्या नियमाने संस्थेला बरकत आली, असं मावशीही घरी सुनेला पुन्हा पुन्हा ऐकवू लागल्या.

मग भाव घसरला. खजिनदार म्हणाले, "अजून छपरापुरतं निघेल." सर म्हणाले, "आता पडत्या भावात विकायचं? चढेल परत." नियमाचं नाव या वेळी कोणीच काढलं नाही. भाव आणखी पडला, इतका की सगळं विकून एक पत्रा आला नसता. पावसाने छताचा मोठा तुकडा तालमीच्या खोलीत कोसळला. मुलं घरी गेली होती म्हणून निभावलं. दुरुस्ती संस्थेनेच करायची या बोलीवर जागा मिळाली होती. मालकाने ती रिकामी करायला सांगितली.

शेवटच्या सभेत पालकांनी विचारलं, देणगी आली होती ना, मग छप्पर का नाही झालं?

सर उठले. "मावशींचा फार आग्रह होता," ते हळहळत म्हणाले. "त्यांच्या भावनेपुढे आम्हाला बोलता आलं नाही."

बोलणं खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं खजिनदार सांगतील म्हणून मावशींनी वाट पाहिली. खजिनदार मान खाली घालून चष्मा पुसत बसले.

कपडेपट ठेवायला कोणाच्याच घरी जागा नव्हती. नाटकाचे पोशाख भाड्याने देणारा व्यापारी तो उचलायला आला, त्याच दिवशी नेमका बेडूक सुट्टीवर येऊन दारात उभा राहिला.

"मावशी, विकलं का नाहीत हो वेळेवर?"

"तुझी भेट होती रे. तुला वाईट वाटलं असतं."

"मला?" तो हसला, पण त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. "अहो, जपून ठेवण्यासारखं काय होतं त्यात? माझं होतं ते तर मी त्याच आठवड्यात विकून टाकलं. घर घेतलं. या ना एकदा बघायला."

"छप्पर चांगलं आहे का रे?"

मावशींना त्याचा राग आला नाही, स्वतःचा आला. ज्याला कोणाच्या अंगाचा वास नाही, ज्याचं कधी बटण तुटणार नाही, तेही आपण माणसाने दिलेली वस्तू म्हणून कवटाळून बसलो. आता त्यापायी खऱ्या वस्तू चालल्या.

व्यापाऱ्याने खुंटीवरून एक काळा कोट काढला. संस्थेतला प्रत्येक न्यायाधीश, प्रत्येक फौजदार तो घालून, बाह्या दुमडून उभा राहिला होता. मावशींच्या नवऱ्याचा कोट. नवरा गेल्यावर त्यांनीच तो आणून दिला होता.

"हा कोणाचा?" व्यापाऱ्याने विचारलं.

"संस्थेचा," मावशी म्हणाल्या.

"कोपरे झिजलेत," म्हणत त्याने पायपुसण्यालाही शोभणार नाही अशी किंमत सांगितली. सर वळून खिडकीबाहेर बघू लागले.

"एवढ्याला नाही जायचा," मावशी म्हणाल्या. त्यांनी कोट उलटा करून व्यापाऱ्यासमोर धरला. "अस्तर बघा. नवीन आहे. हात लावून बघा."