टाकीतली लेकरं

"मावशी, हे काय ओतलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, घरची येणारेत, वास नको," सफाईवाल्या मावशींनी रिकामी बादली पालथी करून दाखवली. "फिनाइल संपलेलं. मग स्टोअरमधून ब्लीचिंग पावडर आणली. अख्खं पोतं कालवलं. आता नाक लावून बघा टाकीच्या कठड्याला."

नानांनी नाक लावलं नाही. त्यांनी कठड्याखालच्या नालीकडे पाहिलं. इथं सांडलेलं पाणी परत टाकीतच जावं, बाहेर थेंब जाऊ नये, म्हणून ती नाली त्यांनीच भांडून बसवून घेतली होती. पांढरं पाणी तिच्यातून गुमान टाकीत उतरत होतं. नालीनं आपलं काम चोख केलं होतं.

रंगांच्या कारखान्यातलं घाण पाणी सांभाळण्यात नानांचा जन्म गेला. त्या पाण्यात फिनॉल असायचं. लोक जंतू मारायला मोरीत जे ओततात, त्याच्याच जातीतलं विष. नानांनी टाकीतल्या जंतूंना ते खायला शिकवलं होतं. आधी चमचाभर, मग वाटीभर, मग बादलीभर. कित्येक मेले. जे उरले त्यांना त्या विषाची अशी चटक लागली, की कारखाना बंद असला की उपाशी पडायचे. मग नाना सुटीच्या दिवशी उसाच्या मळीचा डबा घेऊन त्यांना जेवू घालायला यायचे.

म्हणूनच फिनाइल मारायला सांगताना ते निर्धास्त होते. चार थेंब आत गेले तर पोरं नाश्ता समजून खातील. ब्लीचिंग पावडर खायला मात्र पोरांना कुणी शिकवलं नव्हतं.

'पोरं' हा शब्द कारखान्याचा. नाना-नानींना मूलबाळ नव्हतं. "नानांना मुलं किती?" "मोजणारा थकला," हा कँटीनमधला विनोद इतका जुना झाला होता, की नव्या साहेबाला तो हजेरीच्या नियमांबरोबरच सांगितला जायचा. नानी मात्र टाकीला सवत म्हणायच्या. नाना संध्याकाळी घरी आले की आतूनच ओरडायच्या, "सवतीचं अत्तर बाहेर काढून ठेवा आधी." नाना दारातच शर्ट उतरवायचे. मग जेवताना आज भिंगाखाली कोण कोण दिसलं, देठावर घंटेसारखे डोलणारे जंतू किती होते, ते सांगायचे, आणि नानी ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकायच्या.

बाहेरच्या माणसाला गेटातून आत सोडत नसत. आज नाना निवृत्त होणार म्हणून नानींना एका दिवसाचा पास मिळाला होता. आठवडाभर त्यांचं एकच चाललं होतं, "मला भाषण-बिषण नको. तुमची ती लेकरं एकदा दाखवा." उद्यापासून नानांचाच पास बंद होणार होता.

टाकीवरचा तपकिरी फेस बघता बघता पांढरा पडला. नानांनी बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला आणि साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, टाकी मेली. चूक माझी. पाणी बाहेर सोडू नका. दुसरीकडून जंतूंचा जिवंत गाळ आणावा लागेल, तो रुळायला महिने जातील."

साहेबांच्या हातात भाषणाचा कागद होता. त्यांनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. "नाना, इथं पहिलंच वाक्य आहे, 'नानांच्या हातून आजवर एकही चूक झाली नाही.' खोडू का?"

"खोडा. पण कशामुळं ते आज बोलू नका. घरची खुर्चीत येऊन बसलीये. ती घरी जाईपर्यंत थांबा."

साहेबांनी वाक्य खोडलं. त्यामुळं भाषण एकदम दुसऱ्याच वाक्यापासून सुरू झालं, 'आणि म्हणूनच आम्हाला त्यांचा अभिमान आहे.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मावशींनी.

मग नानी कठडा धरून टाकीपाशी उभ्या राहिल्या. पदर नाकाकडे नेला आणि तसाच सोडून दिला.

"अहो, वास कुठाय? उगीच बोलले की मी इतकी वर्षं. दवाखान्यासारखं स्वच्छ वाटतंय."

"मावशींनी धुतलंय," नाना म्हणाले.

"बघा. बाईमाणूस लागतं त्याला."

शेजारच्या खोलीत नानांनी टाकीतला थेंब काचेवर घेतला. दुसरा घेऊन बघितला. तिसराही. आशेला पैसे पडत नाहीत. शेवटी बाजूला झाले.

नानींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि भिंगाला डोळा लावला.

"अगं बाई. देठावरच्या घंटा. तुम्ही सांगायचात तश्शा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण हलत का नाहीत हो? तुम्ही तर म्हणायचात, एक घटका स्वस्थ बसत नाहीत म्हणून."

बाहेर टाकीत हवा सोडणारा पंप घरघरत होता. आपण कुणाला वारा घालतोय, याची त्याला कल्पना नव्हती.

"झोपलीत," नाना म्हणाले.

"सगळी?"

"दमलीत आज."

नानींनी मान हलवली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "मग राहू द्यात. उठवू नका." भिंगाखालच्या दिव्याचं बटण चाचपडत शोधलं आणि बंद केलं. "डोळ्यांवर उजेड कशाला."

बाहेर पडताना त्यांनी दार हळूच ओढून घेतलं, कडी वाजणार नाही अशा बेतानं.