मुरलेला गारा

गेल्या हिवाळ्यात उस्ताद यदुल्लांच्या खोलीची पश्चिमेची भिंत पार उघडी पडली. वाळवंटाकडून येणारा वारा आणि तिरपा पाऊस या दोघांनी मिळून बाहेरचा गिलावा सोलून काढला, आणि आतल्या कच्च्या विटा दात विचकून दिसायला लागल्या. तफ्त गावच्या डाळिंबाच्या बागांपासून वर शीरकूह डोंगराच्या पायथ्यापर्यंत निम्म्या घरांना ज्या माणसाने मातीचं पांघरूण घातलं, त्याच्याच खोलीची ही कळा. पण बोल कुणाला लावायचा? त्याच थंडीच्या अखेरीला उस्ताद अंगणात हौदाजवळ कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. माती-भुशाचा गिलावा करणारं गावात दुसरं कुणी उरलंच नव्हतं. हल्ली जो तो सिमेंट थापतो, दोन वर्षांत ते पापुद्रे सुटून खाली येतं, आणि मग आपल्या नशिबाला शिव्या घालत परत सिमेंटच आणतो.

आता थंडी परत तोंडावर आली होती. दोन बोटं जाड गिलावा असला की ही खोली उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार राहायची. उघड्या विटांतून मात्र वारा सरळ बिछान्यापर्यंत यायचा. डॉक्टर स्पष्ट बोलले होते की असल्या खोलीत म्हातारा हिवाळा काढणार नाही.

उस्तादांची मुलगी इफ्फत पंचेचाळिशीची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बापाजवळच राहायची. तिचा धाकटा भाऊ मन्सूर यज्द शहरात फरशीच्या कारखान्यात होता. मन्सूर वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दर आठवड्याला यायचा, औषधं आणायचा, बापाची नखं कापायचा. पण त्याने शहरातल्या एका शुश्रूषागृहात जागा पाहून ठेवली होती आणि फोनवर बहिणीला, त्याच्या आबजीला, सांगून टाकलं होतं, "शुक्रवारी बाबांना घेऊन जातो, आबजी. खोली ही अशी, तू एकटी. आणि त्यांना घर काय नि दवाखाना काय, काही कळत असतं तर गोष्ट वेगळी होती."

इफ्फतला हे शेवटचं वाक्य झोंबलं. सात महिने झाले, बाबा छताकडे बघत पडून होते. हाक मारली तरी मान वळत नव्हती. चमच्याने आशचं दाट सार भरवलं की गिळायचे, एवढंच. डावा हात तेवढा हलायचा, तो चादरीची कड चिमटत राहायचा.

भिंत तरी करून टाकू, म्हणजे एक कारण कमी होईल, असं तिने ठरवलं. शनिवारी तिने अंगणाच्या कोपऱ्यात मातीचं आळं केलं, जवाचा भुसा मिसळला, मूठभर मीठ टाकलं, पाणी सोडलं, अंगावरची चादोर कमरेला खोचली आणि अनवाणी आत उतरली. गारा नुसता कालवून चालत नाही. तो रोज तुडवायचा, रोज मुरू द्यायचा, भुसा कुजून मातीशी एकजीव झाला की मग भिंतीला लावायचा. ही कामं बायका करत नाहीत, असं बोलायला दोन-तीन जण भिंतीपलीकडे थांबून गेले. तुडवू लागायला एकही आत आला नाही.

आली ती शेजारची बीबी शौकत, तेही मंगळवारी आणि तेही काठी टेकत. आळ्याच्या काठावर बसून तिने चहाचा पेला मागितला, खडीसाखर दाढेखाली धरली आणि म्हणाली, "ओला गारा नाकाशी धरलास का गं त्याच्या?"

"बाबा बेशुद्ध नाहीयेत, बीबी."

"पण जागा तरी कुठे आहे तो? माझा नवरा खाणीत गाडला गेला असं कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा मी उभीच्या उभी पडले. तेव्हा याच गाऱ्याच्या वासाने आणलं मला शुद्धीवर. नसतं आणलं तरी चाललं असतं म्हणा. संध्याकाळी मेला भूक लागली म्हणत घरी हजर."

इफ्फत हसली, पण बीबी गेल्यावर तिने आळ्यातला एक गोळा उचलला आणि आत नेला. बाबांच्या नाकाशी धरला. नाकपुड्या फुलल्या. डावा हात चादरीवरून उठला, गोळ्यातून चिमूटभर माती घेतली, अंगठ्याने बोटावर रगडली, आणि मग तिचं मनगट बाजूला ढकलून दिलं. डोळे परत छताला. बाबांना वास सोसला नसेल असं वाटून इफ्फत खिन्न झाली आणि हात धुऊन कामाला लागली.

बुधवारी तिने परत गोळा नेला. परत तेच. वास, चिमूट, अंगठ्याची रगड आणि मनगटाला धक्का. या वेळी मात्र तिला ओळख पटली. हा धक्का तिने लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता. परांचीवर उभे असलेले बाबा मजुराने पुढे केलेला गोळा हुंगायचे, रगडून बघायचे, आणि गारा कच्चा असला की असंच मनगट ढकलून द्यायचे. तोंडातून शब्द काढायचे नाहीत. गारा मुरलेला असला तर तसाच शब्द न काढता गोळा घेऊन थेट भिंतीवर मारायचे.

ती बिछान्याशेजारी खाली बसली. सात महिने या खोलीत एक कारागीर पडून होता आणि आपण त्याला फक्त आश भरवत राहिलो, हे तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

गुरुवारी दुपारी मन्सूर आला. तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, तिच्या मातीने फुटलेल्या टाचांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आबजी, हाताला काही लागलं की हात ढकलतो. तेवढी शक्ती आहे हातात. याचा अर्थ काही होत नाही."

"मग तूच करून बघ. मी दारातसुद्धा उभी राहत नाही."

मन्सूरने तीन वाडगे भरले. एकात त्याच वेळी कालवलेला चिखल, दुसऱ्यात आळ्याच्या कडेचा गारा, तिसऱ्यात मधला, सगळ्यात जास्त मुरलेला वाटणारा. इफ्फत हौदापाशी पाठ करून बसली. आतून काहीच आवाज येत नव्हता. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. आपलं खरं ठरल्याचा आनंद त्याला झाला नव्हता, हे तिला कळलं.

"तिन्ही ढकलले," तो म्हणाला. "कच्चा काय, पक्का काय, सगळं सारखंच."

इफ्फत उठून आळ्याशी गेली, मधल्या गाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ वर काढून हुंगली. भुशाच्या काड्या अजून ताठ होत्या, बोटाला टोचत होत्या. वास नुसत्या ओल्या मातीचा.

"मन्सूर, हा मुरलेलाच नाही. रात्री गार पडल्या. तिन्ही कच्चेच होते."

"आबजी, पुरे."

"तिन्ही कच्चे होते, म्हणून तिन्ही ढकलले. आणखी काय करायला हवं होतं त्यांनी?"

मन्सूरने बाबांचे कपडे बॅगेत भरले, औषधांचा डबा वर ठेवला आणि बॅग गाडीत नेऊन टाकली.

शुक्रवारी इफ्फत पहाटेच आळ्यात उतरली होती. ऊन डोंगरावरून अंगणात आलं तेव्हा तिचे पाय काळेनिळे पडले होते. बीबी शौकत आळ्याच्या काठावर येऊन बसली होती आणि तिने दारातल्या मन्सूरवर तोंड सोडलं.

"बापाला उचलून नेणारच आहेस, तर ने. पण तोवर बहिणीच्या जागी दोन तास उभा राहिलास तर तुझ्या कारखान्याच्या फरशा काही फुटणार नाहीत."

मन्सूरने पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत चढवल्या, चपला काढल्या आणि बहिणीला हात देऊन बाहेर काढलं. आत पाय टाकल्याबरोबर म्हणाला, "एवढ्या गार पाण्यात कसा मुरेल? कोमट ओत. आणि भुसा कमी आहे." इफ्फतने चुलीवर हंडा चढवला. तो तुडवत राहिला, कडेपासून मध्यापर्यंत, टाच आधी आणि बोटं नंतर. असं तुडवायला कारखान्यात कुणी शिकवत नाही. दुपारपर्यंत वरून कोमट पाणी आणि ऊन, खालून त्याचे पाय. गाऱ्यातून बुडबुडे यायला लागले आणि अंगणभर तो जुना, आंबूस, जड वास पसरला.

"झालं," मन्सूर म्हणाला. "आता भिंत तू कर. मला बाबांना उजेड आहे तोवर शहरात न्यायला हवं."

हात धुवायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. डाव्या मुठीत तपासायला घेतलेला गाऱ्याचा गोळा राहिला होता, तसाच तो आत गेला, बाबांच्या पाठीखाली उजवा हात घालून त्यांना बसतं करायला लागला. इफ्फत पायांशी चादर गोळा करत होती. तेवढ्यात बाबांच्या डाव्या हाताने मन्सूरचं मनगट पकडलं.

ते मनगट त्यांनी नाकापर्यंत ओढलं. खूप वेळ हुंगलं. मग चिमूट घेतली, अंगठ्याने रगडली. धक्क्यासाठी मन्सूरचं मनगट आधीच सैल पडलं होतं. धक्का आला नाही. बाबांनी त्याच्या तळहातावरचा सगळा गोळा ओरबाडून घेतला आणि बिछान्याशेजारच्या पांढऱ्या स्वच्छ भिंतीवर फाडकन मारला. मग डावा तळवा त्यावर टेकवला आणि खालून वर, खालून वर, गारा पसरायला लागले. उजव्या हाताचं काम डाव्याला जमत नव्हतं, तरी थर सगळीकडे सारखा बसत होता. बाबांची नजर आता छताकडे नव्हती. ती हातामागून फिरत होती.

इफ्फतला देवाचं नाव घ्यावंसं वाटलं आणि ते तोंडात येईना. दारात बीबी शौकत काठीवर वाकून उभी होती, तिचेही ओठ नुसतेच हलत होते.

मन्सूर भिंतीवरच्या त्या वीतभर ओल्या तुकड्याकडे बघत होता. नजर न हलवता तो म्हणाला.

"आबजी, दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत मी यांच्यासाठी गारा तुडवला. एक गोळा घेतला नाही यांनी माझा. एकसुद्धा. म्हणून तर गेलो मी इथून."

इफ्फतला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, त्याला माती आवडत नाही. ती काही बोलणार, तेवढ्यात तिचं लक्ष बाबांकडे गेलं. भिंतीवरचा तुकडा संपवून त्यांनी मातीने भरलेला रिकामा हात मुलापुढे उताणा धरला होता, आणि कपाळाला आठी घालून ते वाट बघत होते. मजुराने उशीर केला की घालायचे तशीच आठी.

"अरे, उभा काय राहिलास?" ती म्हणाली. "बाबांनी हात पुढे केलाय. गारा आण."

मन्सूर घमेलं घेऊन अनवाणी अंगणात धावला.