पिवळ्या बाह्या

सूर्यफुलाच्या त्या शेतावर फुलोऱ्याच्या दिवसांत बापलेक एकत्र जेवत नसत. भांडण नव्हतं, नियम होता. आणि तो बापानंच घातलेला.

बापाकडे नर वाणाचं शेत होतं. सकाळीच त्याच्या बाह्या परागानं पिवळ्याजर्द होत. कुंपणापलीकडे लेक मादी ओळींत राबायची. त्या झाडांच्या फुलांत पराग धरतच नाही, म्हणून तर त्यांच्यापासून संकरित बी करता येतं. मग पुढच्या वर्षी त्या ओळी टिकायच्या कशा? त्यासाठी शेजारी त्यांच्या सख्ख्या बहिणी लावलेल्या असतात. दिसायला हुबेहूब, फक्त पराग असलेल्या. बहिणीचा पराग लावला, तर बी पुन्हा तसंच निघतं. परक्याचा, अगदी बापाच्या नर वाणाचासुद्धा, चिमूटभर लागला, की त्या फुलाचं बी बाद.

मादी ओळींची सगळी जबाबदारी आता लेकीकडे, हे कळलं तेव्हा बाप हातातलं काम टाकून धावत सुटला. फाटकाजवळच्याच झाडाशी लेक उभी होती. फुलावरची कापडी पिशवी काढलेली, हातात कुंचला.

"पोरी! अगं, ऐकलं मी!"

"बाबा, तिथंच थांबा!"

"अगं, पाठ थोपटायला आलोय."

"त्या बाह्यांनी?"

पलीकडे पिशव्या बांधणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. "मामा, आता परवानगी काढून यायचं बरं का!"

बापाचे कान तापले. आजवर या फाटकावर त्याला कुणी अडवलं नव्हतं. "बरं, झटकतो," तो पुटपुटला.

"झटकू तर मुळीच नका! वारा इकडंच येतोय."

बोलता बोलता तिनं फुलावर पिशवी चढवून घट्ट बांधलीही होती. मग खिशातून लाल फीत काढून तिनं देठाला गुंडाळली. लाल फीत म्हणजे याचं बी धरायचं नाही.

"अगं, ओळीतलं सगळ्यात मोठं फूल ते! माझ्या बाहीवरचं उडून लागलं असेलच कशावरून?"

"नसेल लागलं. पण मला शंका आली ना. शंका आली की फीत, तुम्हीच शिकवलंत."

एवढं टपोरं फूल आपण सोडून दिलं असतं का? बापानं मनाला विचारलं. मन लगेच हो म्हणेना.

तो आल्या पावली परतला. त्याच्या शेतावरच्या गड्यांनी विचारलं, "काय, झालं का कौतुक?"

"कौतुक कसलं? हाकललं मला फाटकावरून!" बापानं छाती फुगवून सांगितलं. "सगळ्यांदेखत हाकललं! लेक कुणाची आहे?"