ड्रॉवरमधला कान
मित्रांनो, मी एक जुना, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे. माझा जन्म स्क्रू खोलण्यासाठी झाला, पण नाव काढलं ते ऐकण्यात. खालापूरच्या एका कारखान्यात कुंभिवलीचा रुपेश देखभालीचा इंजिनिअर होता. तो चालत्या मशीनच्या बेअरिंगवर माझं टोक टेकवी आणि माझी लाकडी मूठ कानाला लावी. चांगलं बेअरिंग गुणगुणतं, बिघडलेलं खरखरतं. मी ते रुपेशच्या कानात पोचवायचो आणि शाबासकी दोघांना मिळायची. काय दिवस होते ते!

मग रुपेश मॅनेजर झाला. हात काळे करायचे दिवस संपले, असं मोठ्या साहेबांनी त्याला बजावलं. आठवण म्हणून त्याने मला वर केबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. खंडेनवमीला खाली सगळी हत्यारं पुजली, मला कोणी विचारलंही नाही. मला फार वाईट वाटलं.

एके सकाळी जागृती वर आली. रुपेशच्या जागी आलेली ही लोधिवलीची मुलगी कामाला चोख होती. मोठ्या पंख्याचं बेअरिंग खरखरतंय, पंखा लगेच बंद करू या, असं ती म्हणाली. पण त्या दिवशी माल जायचा होता, आणि नव्या मॅनेजरला पहिल्याच महिन्यात नाक कापून घ्यायचं नव्हतं. "त्या पंख्याला मी तुझ्याआधीपासून ओळखतो, रविवारी बघू," असं म्हणून रुपेशने विषय संपवला.

"सर, एकदा खाली येऊन ऐका तरी," जागृती म्हणाली.

रुपेशला मीटिंग होती. मी हाताशीच होतो, पण ड्रॉवर उघडला नाही.

दुपारी बेअरिंग फुटलं. पंख्याची जाळी उडाली आणि शेजारी काम करणाऱ्या विकासच्या हातावर आदळली. रुपेश मला घेऊन धावला. जुन्या सवयीने त्याने माझं टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. पण पंखा थांबलेला होता. मला काहीच सांगता आलं नाही.

दवाखान्यात तो मला हातात धरूनच उभा होता. विकासची आई गोदूबाई ही रुपेशची गावातली शेजारीण. ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"तू सायेब झालास तवा मी बिनघोर झाले रं," एवढंच म्हणाली.

आता मी जागृतीकडे असतो. रुपेश रोज खाली येतो, पंखा काय म्हणतो ते तिला विचारतो आणि ती सांगेपर्यंत तिथून हलत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझा गंज घासला की निघतो. पण तुम्ही उद्या वरच्या खुर्चीत बसाल, तेव्हा खालून कोणी काही सांगायला आलं तर उठून त्याच्याबरोबर जा. विकासची दोन बोटं आता परत येणार नाहीत.