तोरुन पाहिलेल्या दोघी

यासिओनोवोच्या महिला मंडळाची सहल तोरुनला न्यायची ठरली, तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप लेओकादियाबाईंकडे वळल्या.

बाई गावच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या तोरुनला शिकल्या, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की बाईंनी तोरुन जन्मात पाहिलं नव्हतं. शिक्षण झालं ओल्श्तिनला. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी "आपल्या नव्या बाई तोरुन विद्यापीठातल्या" अशी ओळख करून दिली, आणि एवढ्या मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवायची कशी, म्हणून बाई गप्प बसल्या. उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. तो उद्या काही उजाडला नाही.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बैठक भरली होती. मंडळाच्या अध्यक्षा ओतिलियाकाकू कोंबड्या पाळायच्या, आणि माणसांशीही खुराड्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या.

"बाई, आता तुम्ही आणि गेर्त्रुदाताईंनी मिळून सगळं आखायचं," काकूंनी फर्मावलं. "तुम्ही तिथे शिकलात, आणि यांचे मालक तिथे तोफखान्यात होते. दोघी तोरुन कोळून प्यालेल्या."

पोस्टातून निवृत्त झालेल्या गेर्त्रुदाताईंनी मान तुकवली. "दर पंधरवड्याला जायचे मी आमच्या अलोइझींना भेटायला. डोळे बांधून सोडा मला तिथे."

इतकी वर्षं गेर्त्रुदाताईंसमोर बाईंनी तोरुनचा विषय कटाक्षाने टाळला होता. आता मात्र फळ्याशी जाणं भाग होतं. त्यांनी खडू घेतला आणि पुस्तकातला नकाशा झरझर काढला. नदी, तटबंदी, टाऊन हॉल, कोपर्निकसचा पुतळा. सहाशे वर्षांपूर्वी विटा कशा भाजत, इथपासून सुरुवात केली.

"विटा राहू द्या," काकू म्हणाल्या. "आधी संडास सांगा. अडतीस बायका आहोत, आणि त्यातल्या तीस साठीच्या पुढच्या."

हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बाईंनी खडू उगाच हवेत फिरवला. "पुतळ्याच्या... मागच्या गल्लीत."

आता पोस्टमास्तरीण आपल्याला उघडं पाडणार, म्हणून त्या फळ्याकडे वळून नदी पुन्हा गिरवू लागल्या. पण गेर्त्रुदाताई घाईघाईने म्हणाल्या, "हो हो, तिथेच. निळं दार."

"निळंच," बाई म्हणाल्या.

"स्वच्छ असतं?"

"आरशासारखं!" दोघी एका दमात बोलल्या.

त्यानंतर बैठक उकडलेल्या अंड्यांवर घसरली. बंद बसमध्ये अंडी सोलू द्यायची की नाही, यावर पाऊण तास भांडण झालं आणि सगळ्या तावातावाने घरी गेल्या.

बाईंना काही चैन पडेना. शेवटी त्यांनी ठरवलं, गुरुवारी एक दिवस गुपचूप जाऊन यायचं. गावात सांगितलं, दाढ दुखतेय, इवावाला दाताच्या डॉक्टरकडे चाललेय. नवऱ्याला, झिग्फ्रिदना, खरं ठाऊक होतं.

"अगं, सांगून टाक ना एकदाचं," ते म्हणाले. "तुला काय आता नोकरीवरून काढणार आहेत?"

"तुम्ही गप्प बसा. विचारलं कुणी तर दाढ म्हणायचं."

इवावाहून निघालेली गाडी तोरुनमध्ये शिरली आणि एका लहानशा स्टेशनावर थांबली. खिडकीबाहेर चर्चची शिखरं हाकेच्या अंतरावर होती. सगळी माणसं उतरली. बाई उतरल्या नाहीत, कारण पाटीवर नुसतं 'तोरुन शहर' होतं आणि त्यांना 'तोरुन मुख्य'ला उतरायचं होतं. शहराचं मुख्य स्टेशन शहर सोडून कुठे जाईल? ते नदीपलीकडे गेलं होतं. गाडी धडधडत पुलावर चढली, आणि विस्वा नदीच्या पात्रावरून बाईंनी आपल्या तथाकथित विद्यापीठनगरीला मागे मागे जाताना पाहिलं. मग रस्त्याच्या पुलावरून, टोपी धरून, वाऱ्याशी झोंबत, पाऊण तास उलट चालत यावं लागलं.

पण पुलाच्या मध्यावर त्या थांबल्या. लाल विटांचं ते सगळं गाव पाण्याच्या काठाने उभं होतं. शेकडो वेळा फळ्यावर काढलेलं. त्यांना एकदम रडू फुटलं, आणि मग वाऱ्यानेच डोळ्यांत पाणी आलं अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पुतळ्यामागच्या गल्लीत कसलंच दार नव्हतं. एक छत्र्यांचं दुकान होतं. बाई फिरत फिरत कलत्या बुरुजापाशी आल्या. तिथे भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून हात समोर धरायचे, आणि तोल सांभाळायचा. ज्याच्या मनात पाप, तो पडतो, असं म्हणतात. शाळेच्या सहलीची पोरं ओळीने धडपडत होती आणि खिदळत होती.

"आजी, तुम्ही पण!" पोरं ओरडली.

बाईंनी टाचा टेकवल्या, हात पुढे केले. चौतीस वर्षं भर्रकन डोळ्यांसमोरून गेली आणि बाई पुढे कोसळल्या. कोसळल्या त्या थेट समोरून येणाऱ्या, डोक्याला रुमाल आणि डोळ्यांना काळा चष्मा लावलेल्या एका जाड बाईच्या अंगावर. तिच्या हातात शहराचा नकाशा होता. उलटा.

चष्मा घसरला.

"दाढ कशी आहे, बाई?" गेर्त्रुदाताईंनी विचारलं.

"बरी आहे. तुम्ही ओस्त्रुदाला बहिणीकडे गेला होतात ना? बहीण कशी आहे?"

"तीही बरी आहे."

मग गेर्त्रुदाताईंना असं हसू फुटलं, की त्यांना भिंत धरावी लागली.

एका स्वस्त खानावळीत बीटाचं सूप पुढ्यात घेऊन दोघींनी सगळं ओकून टाकलं. बाईंचं ऐकून झाल्यावर गेर्त्रुदाताई चमच्याने सूप ढवळत म्हणाल्या, "मला अलोइझींनी तोफखान्यातल्या त्या दोन वर्षांत एकदाही बोलावलं नाही. पत्रं यायची. त्यात फक्त जेवायला काय होतं ते. शेजारणी विचारायच्या, जाऊन आलीस का? किती वेळा नाही म्हणायचं? एकदा हो म्हटलं."

"बोलावलं का नाही?"

"परवा विचारीन थडग्यावर गेले की."

त्या दिवशी दोघींनी तोरुन पायाखाली घातलं. चार संडास शोधून प्रत्यक्ष वापरून पाहिले, एकावर फुली मारली. मधाच्या मसालेदार बिस्किटांची तीन दुकानं चाखली. बाई विटांबद्दल बोलत राहिल्या आणि गेर्त्रुदाताईंनी चक्क ऐकून घेतलं.

रविवारी बैठकीत दोघी वही घेऊन ऐटीत उभ्या राहिल्या, तोच काकूंनी घोषणा केली, "सहल आता ग्दान्स्कला! तुम्ही दोघींनी तेच तोरुन पुन्हा कशाला बघायचं, म्हणून आम्ही सगळ्यांनी तुमच्यासाठी बदललं!"

टाळ्या पडल्या. बाईंनी गेर्त्रुदाताईंकडे पाहिलं. गेर्त्रुदाताईंनी छताकडे.

"मी तोरुनला शिकलेले नाही," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, फक्त जरा कापरा. "गुरुवारी पहिल्यांदा गेले. मला पुन्हा जायचंय."

"मलाही," गेर्त्रुदाताई पुटपुटल्या.

ओतिलियाकाकूंनी कंबरेवर हात ठेवले.

"म्हणजे माझ्या पोराला भूगोलात नापास केलंत, ते..."

"ते तो नापासच होता, काकू."

पहिल्यांदा हसल्या त्या काकूच. मग हात वर झाले, आणि छत्तीस बायकांनी त्या दोघींसाठी दुसऱ्यांदा बेत बदलला.

जूनमध्ये बस तोरुनला लागली. टाऊन हॉलसमोर काकूंनी मनोऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, वर चढायला पायऱ्या किती?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि छानपैकी म्हणाल्या, "मला नाही माहीत. चला, मोजू या."